अतिविष म्हणून आलेलं मूळ : बेळगावातल्या एका औषधचाचणीचं प्रकरण

एम. फार्मसीच्या एका प्रबंधासाठी अतिविषाच्या मुळाचा अर्क सूज आणि वेदना यांवर तपासायला घेतला होता. प्राथमिक चाचणीत हुरूप यावा असे आकडे आले. मग कळलं की पिशवीतलं बरंचसं मूळ अतिविषाचं नव्हतंच. या प्रकरणात प्रयोगशाळेतल्या कुणी लबाडी केली नाही, कुणी कामचुकारपणाही केला नाही, आणि तरी एक खोटं विधान छापून जायच्या बेतात होतं. म्हणून ते सविस्तर मांडतेय. मी त्या विद्यार्थिनीची मार्गदर्शक नव्हे. औषधशास्त्र शिकवते आणि प्राणी-प्रयोगांच्या नैतिकता समितीवर आहे, त्या नात्यानं हे जवळून पाहिलं. तिच्या संमतीनं लिहीत आहे. नावं, कॉलेज, दुकानं मुद्दाम वगळली आहेत.

विषय कुठून आला

मुलगी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूची. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत गुटीची डबी असतेच. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, जायफळ, हिरडा, जेष्ठमध, आणि त्यातच अतिविषाची कळी. सहाणेवर आईच्या दुधात प्रत्येकाचे ठरलेले वेढे. दात येताना बाळाला ताप आला, जुलाब लागले की तिची आज्जी अतिविषाचा वेढा वाढवायची. मुलीनं कॉलेजात प्रोस्टाग्लॅंडिन शिकताना वर्गातच विचारलं होतं, की ताप आणि सूज या दोन्हींमागे हीच रसायनं असतील, तर ताप उतरवणारं मूळ सुजेवर का तपासू नये? प्रश्न सरळ होता आणि चांगला होता. मला तो तेव्हाच आवडला.

अतिविष आपल्या सह्याद्रीतलं नाही. शास्त्रीय नाव अॅकोनिटम हेटेरोफायलम. पश्चिम हिमालयात, काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत, साधारण अडीच हजार मीटरच्या वर, झाडांची रेषा संपून गवताळ कुरणं सुरू होतात त्या भागात ही वनस्पती वाढते. औषधात वापरतात तो तिचा कंद. म्हणजे कंद काढला की झाड गेलं. बी पेरून कंद हाताशी यायला काही वर्षं लागतात आणि मागणी देशभरची. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. भाव किलोला हजारांत जातो. पुढे जे घडलं त्याचं मूळ या भावात आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बचनागसुद्धा याच अॅकोनिटम प्रजातीतला. बचनागात अॅकोनिटिन असतं. ते मज्जातंतू आणि हृदयाच्या स्नायूंतले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं, आणि अगदी थोड्या मात्रेतही हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेऊ शकतं. अतिविषात मुख्यतः अॅटिसिन, हेटेरॅटिसिन अशी अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त कडू रसायनं, असतात. ती अॅकोनिटिनच्या मानानं पुष्कळच सौम्य, म्हणून तर ते लेकराच्या गुटीत आलं. पण याच प्रजातीतल्या काही जातींची अल्कलॉइडं खरोखरची वेदनाशामक आहेत. लॅपॅकोनिटिन चीनमध्ये वेदनेवरचं औषध म्हणून वापरतात. त्यामुळे अॅकोनिटमच्या कुठल्याही मुळानं वेदना थांबवल्याचं दिसलं, तर मला आनंदाच्या आधी शंका येते: यात विषारी भाऊबंदाची भेसळ तर नाही ना?

आयुर्वेदात अतिविषाचा मुख्य लौकिक ज्वर आणि अतिसार यांवरचा. चरकसंहितेत ते लेखनीय (मेद खरवडून कमी करणाऱ्या) आणि अर्शोघ्न (मूळव्याधीवरच्या) गणांत येतं. वेदनास्थापन, म्हणजे वेदना शमवणारं, म्हणून त्याचं नाव पुढे नाही. म्हणून सुजेचा प्रश्न रास्त वाटला, वेदनेचा थोडा ताणलेला. मार्गदर्शक सरांनी दोन्ही घेतले, कारण दाहशामक (सूज उतरवणारा गुण पाहणारी) आणि वेदनाशामक या दोन चाचण्या जोडीनं करायची आपल्या कॉलेजांत पद्धतच पडली आहे.

प्राथमिक चाचणी

सुजेसाठी नेहमीची पद्धत घेतली, कॅराजिननची. समुद्रातल्या लाल शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ आइस्क्रीम घट्ट करायलाही वापरतात. त्याचं एक टक्का द्रावण ०.१ मिली एवढं उंदराच्या मागच्या तळपायात टोचलं की पाय सुजतो. विंटर, रिस्ली आणि नस यांनी १९६२ साली ही पद्धत मांडली, आणि आजही दाहशामक औषधांची पहिली चाळणी तीच आहे. तिची खुबी अशी की सूज दोन टप्प्यांत येते. पहिल्या तासा-दीड तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिन या शरीरातल्याच रसायनांचा जोर, नंतर ब्रॅडिकिनिन आणि प्रोस्टाग्लॅंडिनचा. डायक्लोफिनॅक, इंडोमेथॅसिन ही सूज-वेदनेवरची नेहमीची औषधं दुसऱ्या टप्प्यावर काम करतात. त्यामुळे तिसऱ्या तासाचा आकडा महत्त्वाचा.

हे मापन करताना पाहिलं तर त्यातली नाजूक जागा कळते. उंदराच्या घोट्यावर मार्कर पेननं रेघ मारतात आणि पाय त्या रेघेपर्यंत प्लेथिस्मोमीटरच्या नळीत बुडवतात. जितकं पाणी सरकलं तितकं पायाचं आकारमान. रेघ जरा वरखाली झाली, उंदरानं पाय आखडला, किंवा सकाळी एकीनं आणि दुपारी दुसऱ्यानं मोजलं, तर आकडा बदलतो, आणि तो बदल औषधाच्या परिणामाएवढाच असू शकतो. या मुलीचा हात स्थिर होता. सगळी मापं तिनं स्वतः घेतली.

वेदनेसाठी दोन चाचण्या. एक अॅसेटिक अॅसिडची: पांढऱ्या लहान उंदरांच्या, आमच्या भाषेत माईसच्या, पोटात सौम्य अॅसिड टोचायचं आणि ते पोट आवळून मागचे पाय ताणतात ते वीस मिनिटं मोजायचं. दुसरी एडीच्या हॉट प्लेटची: ५५ अंश सेल्सिअसच्या तापलेल्या पत्र्यावर प्राणी किती सेकंदांनी पाय चाटतो किंवा उडी मारतो ते बघायचं, आणि पंधरा सेकंद झाले की भाजू नये म्हणून उचलायचंच. पहिली चाचणी सुजेशी जोडलेली वेदना पकडते. दुसरीत मॉर्फिनसारखी, मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करणारी औषधं उठून दिसतात.

निकाल असे आले: पोटाच्या चाचणीत आवळणं ठळकपणे कमी. पायाची सूज तिसऱ्या तासाला जेमतेम कमी. हॉट प्लेटवर फरक नाही. सरांनी अर्थ लावला की परिघावर, म्हणजे मेंदूवर नव्हे तर दुखऱ्या जागीच, काम करणारा वेदनाशामक गुण आहे, मात्रा वाढवली की सूजही उतरेल. मुख्य प्रयोगासाठी जास्त प्राण्यांची परवानगी मागणारा अर्ज समितीकडे आला.

समितीत काय झालं

भारतात प्राण्यांवरचे प्रयोग १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात. प्रत्येक संस्थेच्या समितीनं आधी मंजुरी दिल्याशिवाय एक उंदीरही हातात घेता येत नाही. पुष्कळ ठिकाणी ही बैठक सह्यांपुरती उरते. त्या दिवशी आमच्याकडे तसं झालं नाही, आणि त्याचं श्रेय मी तीन गोष्टींना देते.

पहिली, मुलीची वही. तिनं आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘औषध दिल्यावर माईस कोपऱ्यात गोळा होऊन बसतात.’ प्राणिगृहातले मामाही तिला म्हणाले होते, “आज लई गप बसल्यात बघा ही.” अॅसेटिक अॅसिडची चाचणी फार हळवी असते आणि फार भोळी असते. वेदनाशामकानं आकडा खाली येतो, तसा गुंगी आणणाऱ्या औषधानंही येतो, स्नायू सैल करणाऱ्यानंही येतो. प्राणी सुस्तावला तर तो पोट आवळणार नाही, याचा अर्थ त्याला दुखत नाही असा नव्हे. मी विचारलं, रोटारॉड का केला नाही? फिरत्या दांड्यावर प्राणी तोल सांभाळून किती वेळ टिकतो ते पाहिलं की गुंगी आणि वेदनाशमन वेगळं काढता येतं. अर्जात तो नव्हता.

दुसरी गोष्ट, निकालांचा मेळ. प्रोस्टाग्लॅंडिनवर काम करणाऱ्या औषधानं पोटाच्या चाचणीत एवढा फरक पाडावा आणि पायाच्या सुजेत तिसऱ्या तासाला जवळजवळ काहीच नाही, हे पटत नव्हतं.

तिसरी आणि निर्णायक, समितीवरच्या द्रव्यगुणाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांचा विषय शिकवणाऱ्या, मॅडम. त्यांनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, “मूळ कुठलं? ओळख पटवल्याचा दाखला कुठाय?” फाइलमध्ये काष्ठौषधींच्या दुकानाची पावती होती, तिच्यावर ‘अतिविष’ लिहिलेलं. दाखला प्रबंध बांधायच्या वेळी जोडू असं ठरलं होतं. मॅडम म्हणाल्या, “पावती पैशाची असते, झाडाची नसते. पिशवी घेऊन ये बाळ.”

टेबलावरचे दोन ढीग

बरं झालं की अर्क काढून उरलेलं सुकं मूळ तिनं जपून ठेवलं होतं. मॅडमनी ते पांढऱ्या कागदावर ओतलं आणि भिंग न घेता, नुसत्या नजरेनं आणि नखानं, दोन ढीग करायला सुरुवात केली.

एका ढिगात खऱ्या कळ्या. लहान, वर जाड आणि खाली निमुळत्या, बाहेरून राखाडी, पिठूळ. मोडल्या की आत पांढऱ्या, आणि आडव्या कापात मधल्या गराभोवती चार-पाच गडद ठिपके. चव नुसती कडू. जिभेला मुंग्या आल्या, बधिरपणा आला, तर तिथेच थांबायचं, कारण तो बचनागाचा इशारा. (हे मॅडमसारख्या अनुभवी माणसानं करायचं काम आहे. घरी कुणी चाखून बघू नये.)

दुसरा ढीग मोठा होता. आखूड कांडीसारखे तुकडे, अंगावर गोल वळ्या, मुळ्या तुटल्याच्या खुणा. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप धरला तेव्हा वाहिन्यांचे पुंजके कड्यात नव्हते, सगळीकडे विखुरलेले होते. असं एकदल वनस्पतींत असतं. अतिविष द्विदल. म्हणजे शंकेला जागा उरली नाही. थिन लेयर क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे पातळ लेपाच्या पट्टीवर अर्कातले घटक वेगळे करायच्या पद्धतीत, प्रमाणित अतिविषाच्या अर्काशेजारी या ढिगाचा अर्क चालवला, अल्कलॉइडं रंगानं दाखवणारं ड्रॅगेनडॉर्फचं द्रावण फवारलं. प्रमाणित नमुन्यात अल्कलॉइडचे नारिंगी पट्टे जिथे उमटले, तिथे दुसऱ्यात ते नव्हते.

मॅडमच्या मते तो क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस होता, सुरण-अळूच्या कुळातली पाणवनस्पती. दक्षिणेकडच्या बाजारांत ती अतिविषाच्या जागी विकली जाते हे जाणकारांना ठाऊक आहे. आणि ती कुठे वाढते? पश्चिम घाटातल्या ओहोळांच्या काठांना, भातशेतीच्या पाणथळ जागी. म्हणजे हिमालयाचं म्हणून हजारो रुपये मोजून आणलेलं मूळ त्या मुलीच्या गावाशेजारच्या ओढ्यातलंही असू शकत होतं.

मुलगी दुकानदाराकडे परत गेली. ते काका बापडे प्रामाणिक. म्हणाले, “माल वरनं असाच यायलाय बघा. मागची पार्टी बदलली, ह्येचा दर जरा कमी होता.” मिश्रण कुठल्या टप्प्यावर झालं ते त्यांनाही सांगता येणार नाही. डोंगरावर खणणारा, तालुक्याचा आडत्या, मोठ्या शहरातला घाऊक व्यापारी, मग आपल्याकडची पेठ, इतक्या हातांतून कंद येतो आणि प्रत्येक हातात तो फक्त नावानं ओळखला जातो. आयुर्वेदात अतिविष न मिळाल्यास नागरमोथा घ्यावा असा प्रतिनिधी द्रव्याचा संकेत आहेच. पण तिथे वैद्य जाणून-बुजून, सांगून बदल करतो. बाजारातला बदल कुणीच सांगत नाही.

त्या आकड्यांचं काय करायचं

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हा आहे.

मार्गदर्शक सर व्यथित होते. त्यांचं म्हणणं, “मापं तर खरी आहेत ना? मुलीनं इतकं मन लावून काम केलंय.” मुलीनंच हळू आवाजात उत्तर दिलं, “मापं खरी आहेत सर, पण ती कशाची आहेत?”

तीन वाटा होत्या. ढिगात थोडंफार अतिविष होतंच, तेव्हा पुढच्या वेळी चांगलं मूळ आणायचं आणि जुने आकडे तसेच ठेवायचे, ही पहिली. असं किती ठिकाणी होत असेल या विचारानं मला खरंच वाईट वाटतं. छापलेला निबंध कुणी पुढे उद्धृत करतो, त्यावर कुणी गोळी काढतो, आणि खोक्यावर ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ छापलं जातं. दुसरी वाट, सगळं टाकून द्यायचं आणि झालंच नाही असं समजायचं. पण मग त्या प्राण्यांना दिलेला त्रास शून्याच्या खात्यावर गेला. अॅसेटिक अॅसिड टोचलेला माऊस ज्यानं पाहिलाय त्याला हे पटणार नाही. शिवाय पुढची विद्यार्थिनी त्याच पेठेतून तेच मूळ आणेल.

समितीनं तिसरी वाट धरली. प्राथमिक चाचणी प्रबंधात स्वतंत्र प्रकरण म्हणून ठेवायची, शीर्षकात ‘अतिविष’ न लिहिता ‘अतिविष नावानं बाजारात मिळालेला मिश्र नमुना’ असं लिहायचं, दोन्ही ढिगांची छायाचित्रं आणि क्रोमॅटोग्राफीचे पट्टे जोडायचे, आणि त्यावरून अतिविषाच्या गुणाबद्दल एकही वाक्य लिहायचं नाही. सरांनी ते मान्य केलं, आणि मनापासून केलं. विभागात आता नियमच झाला आहे: ओळख आधी, अर्क नंतर, प्राणी सगळ्यात शेवटी. वनस्पतीचा एक नमुना क्रमांक घालून विभागात कायमचा ठेवायचा.

मला इथे बेळगावबद्दल एक वाटतं. आयुर्वेद, फार्मसी आणि वैद्यक शिकवणाऱ्या संस्था इतक्या जवळजवळ असलेली गावं थोडी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्थाही २००६ पासून इथेच आहे. मूळ ओळखणारी माणसं आणि उंदराचा पाय मोजणारी माणसं एकाच गावात राहतात. त्यांनी प्रबंध बांधायच्या आठवड्यात नव्हे, मूळ विकत घ्यायच्या आधी एकमेकांना फोन करावा, एवढीच गोष्ट.

नव्यानं मांडलेला प्रयोग

या वेळी मूळ उत्तराखंडातल्या लागवडीचं घेतलं, उगमाच्या कागदासह. रानातलं घ्यायचं नाही हा मुलीचाच आग्रह. गढवालमधल्या श्रीनगरला अशा उंच प्रदेशातल्या औषधी वनस्पतींवर काम करणारं विद्यापीठाचं केंद्र आहे. लागवड वाढेल तसा रानातल्या कंदांवरचा ताण कमी व्हायला हवा.

अर्काआधी मॅडमची तपासणी. त्यानंतर अॅकोनिटिनचा शोध. ते सापडलं असतं तर प्रयोग तिथेच थांबला असता. प्राण्यांना औषध देणारी एक आणि मोजणारी दुसरी, आणि कुणाला काय दिलं ते मोजणारीला कळू नये म्हणून पिंजऱ्यांवर फक्त अक्षरं. रोटारॉड घातला. अॅसेटिक अॅसिडची चाचणी काढून टाकली आणि तिच्या जागी फॉर्मालिनची घेतली. तिच्यात पहिल्या पाच मिनिटांची थेट वेदना आणि पंधरा ते तीस मिनिटांमधली दाहाची वेदना वेगळी दिसते, म्हणजे तेवढ्याच प्राण्यांकडून जास्त कळतं.

मात्रेवर बैठकीत बराच वेळ गेला. अर्जात शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४०० मिलिग्रॅम होतं, कारण बहुतेक निबंधांत २०० आणि ४०० असतं. मी फळ्यावर हिशेब मांडला. शरीराच्या पृष्ठभागावरून उंदराची मात्रा माणसावर आणायची तर साधारण ६.२ ने भागतात. म्हणजे माणसाला किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम, साठ किलोच्या माणसाला जवळजवळ ४ ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम मुळातून दहा ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर ते ४० ग्रॅम मूळ झालं, रोजचं. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, अतिविषाच्या चूर्णाची मात्रा ०.६ ते २ ग्रॅम दिली आहे. चाळीस ग्रॅमला सूज उतरली तरी तो शोध कुणाच्या उपयोगाचा? म्हणून आता ५०, १०० आणि २०० अशा मात्रा ठेवल्या आहेत. परिणाम दिसला तर वापरण्याजोगा, आणि नाही दिसला तर तेही स्वच्छपणे सांगता येईल.

मध्यंतरी मुलीच्या मावशीनं गुडघ्यासाठी अतिविष उगाळून घेऊ का म्हणून विचारलं. मुलीनं मला विचारलं, मी नको म्हणाले. सुजेवर माणसात ते सिद्ध झालेलं नाही. पेठेतली कळी खरी आहे की नाही ते मावशींना ओळखता येणार नाही, आणि याच प्रजातीतला चुकीचा कंद पोटात गेला तर गुडघा बाजूला राहील. मुलीनं मावशींना तसंच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

मुख्य प्रयोगाला मंजुरी मिळाली आहे आणि काम चालू आहे. कुठल्या अक्षराच्या पिंजऱ्यात काय दिलं त्याची यादी बंद पाकिटात समितीकडे आहे. शेवटचं माप वहीत लिहून होईपर्यंत ते पाकीट सरांनीही मागायचं नाही, असं सरांनीच सुचवलं.